बिनपंख्याचं

"मुलाचं वय काय?" तपकीर गल्लीतला पोरगा विचारतो,
बजेट विचारायच्याही आधी.
"एक्क्याऐंशी," मी म्हणते.
तो वर बघतो. मागे डाग देत बसलेला म्हाताराही बघतो.

मुलगा म्हणजे आमचे अप्पा.
छत्तीस वर्षं आकुर्डीला, फोर्जिंगच्या शेडमध्ये,
कान तिथेच ठेवून आले हॅमरखाली.
आता कानात मशीन आहे
आणि मशीनला माणसांपेक्षा पंखे जास्त ऐकू येतात.

टीव्हीखालच्या खणात मी कॉम्प्युटर बसवलाय,
ऑफिसातून भंगारात निघालेला, अंगानं बारीक.
त्यावर अप्पा आगगाड्या बघतात.
ड्रायव्हरच्या काचेतून, सात सात तास,
कुठल्याशा बर्फाच्या देशात, कोणी बोलत नाही,
नुसते रूळ येतात आणि पोटाखाली जातात.
बोगद्यातून बाहेर पडताना चित्र अडखळतं,
अर्धा डोंगर आधी येतो, अर्धा मागाहून,
आणि जुन्या कार्डाचा पंखा घरघरायला लागतो,
"जात्यात बोल्ट पडल्यासारखा," ते म्हणतात.
मग मशीन काढून वाटीत ठेवतात.
मग मीही ऐकू येत नाही.

पोराचं नाव तन्वीर. एकेक खोकं काढतो.
हे बघा, दोन पंखे, लाल दिवे. हे बघा, तीन पंखे.
एकाची किंमत आमच्या फ्रिजएवढी.
मी वाणसामानाच्या यादीची पाठ उलटते:
पॉवर सप्लाय तीनशे वॉटचा, वरून वेगळी वायर नको,
उंचीला चार बोटं, एचडीएमआय हवं,
फोर-केचा व्हिडिओ न अडखळता उलगडायला हवा,
चार हजारांच्या आत,
आणि पंखा नको. त्याखाली दोनदा रेघ.

"पंखा नसेल तर तापणार, मावशी."
"तापू दे. ओरडायला नको."

तो स्टुलावर चढला, अगदी मागचं खोकं काढलं,
शर्टाच्या बाहीनं पुसलं.
आत कार्ड, पाठीवर अ‍ॅल्युमिनियमचा जाड कंगवा.
"हे कोणी घेत नाही. गेम नाही चालत यावर."
एकतीसशे पन्नास. मी तीन म्हटलं.
एकतीसशेला तुटलं, वॉरंटीचा शिक्का धरून.

घरी आल्यावर कळलं, पट्टी लांब आहे.
आखूड पट्टी खोक्यात असायला हवी होती, नव्हती.
गुरुवार, पाणी बंद, ऊन मी म्हणतंय,
आणि परत बस धरून बुधवारात जायचं?
मी खोकं मिटायला लागले.
अप्पांनी ते हातातून काढून घेतलं,
कपाटातून व्हर्निअर काढला,
तेलकट फडक्यात गुंडाळलेला, माझ्या जन्माआधीचा.
"एकशेवीस आहे. ऐंशी पाहिजे."

गॅलरीत, कुंड्या बाजूला सारून,
दाराच्या फटीत पट्टी धरून त्यांनी चाळीस मिलिमीटर कापले.
करवतीचं पातं दोनदा अडकलं. एकदा माझ्यावर ओरडले.
कड घासली, फुंकर मारली,
पकडीनं टोकाला नवा कान वळवला, स्क्रू बसेलसा.
स्क्रू बसला.

सुरू केलं. काहीच आवाज नाही.
"पेटला नाही," अप्पा म्हणाले.
समोर गाडी सुटली होती,
बोगद्यातून बाहेर आली, सबंध डोंगर घेऊन,
तरी त्यांना पटेना.
खाली बसले, गुडघा धरत,
डब्याच्या कुशीवर तळहात टेकवला
बेअरिंग तपासताना टेकवायचे तसा, डोळे मिटून.
कितीतरी वेळ.
"चालतोय. कोमट लागतोय."

शुक्रवारी उशिरा पाणी आलं,
आधी नुसती हवा, मग गढूळ, मग नीट.
मी बादल्या लावत होते.
बाहेरून हाक आली,
"अगं, नळ बारीक कर जरा.
स्टेशन येतंय."